कोल्हापूर ते दिब्रुगड: साडेतीन तासांचं अंतर आणि बारा तासांचं तिकीट

या वेळी विमानप्रवासाचं अंतर आणि लागणारा वेळ यावरची पत्रं एकत्र घेतलीत. पहिल्या पत्राचं उत्तर मुद्दाम लांब लिहिलंय, कारण या प्रश्नावर अडलेली बरीच घरं आहेत, मुलं कुठे आसामात, कुठे अरुणाचलात आणि आईवडील इकडे आपल्या गावी.

प्रश्न: माझी मुलगी आणि जावई आसामात दुलियाजानला असतात, जावई तेल कंपनीत आहेत. डिसेंबरमध्ये नातवाचं बारसं ठेवलंय. आम्ही दोघं, वय ६४ आणि ६९, एवढ्या लांब पहिल्यांदाच निघालोय. नेटवर कोल्हापूर विमानतळ ते दिब्रुगड विमानतळ टाकलं की अंतर २,४४५ किमी आणि वेळ साडेतीन तासांच्या आसपास दाखवतं. तिकीट बघायला गेलं की कुठे साडेदहा तास, कुठे चौदा तास. यातलं खरं काय धरायचं? — एक वाचक, गडहिंग्लज

ताई, आधी नातवासाठी तुम्हा सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. आता प्रश्नाकडे येते. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त पहिल्या आकड्याचा तुम्हाला काही उपयोग नाही. २,४४५ किमी हे उजळाईवाडी (कोल्हापूरचा विमानतळ) ते मोहनबारी (दिब्रुगडचा विमानतळ) असं आकाशातून सरळ मोजलेलं अंतर आहे आणि साडेतीन तास म्हणजे त्या रेषेवरून एखादं जेट विमान कुठेही न उतरता गेलं तर किती वेळ लागेल याचा हिशेब आहे. तसं विमानच नाहीये. वेबसाइट ते सांगत नाही, ती नुसता गुणाकार भागाकार करून मोकळी होते, आणि आपण त्या आकड्यावर भरवसा ठेवून बसतो.

हा हिशेब कसा करतात ते सांगते म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. किलोमीटरला ८०० ने भागायचं, जे तास येतील त्यात अर्धा तास मिळवायचा. हा अर्धा तास उड्डाणाआधी रनवेपर्यंत सरपटत जाणं, वर चढणं, खाली उतरणं, मग परत गेटपर्यंत येणं याचा. तिकिटावर छापलेली वेळ ही विमान जागेवरून हललं तिथपासून पलीकडे जागेवर थांबलं तिथपर्यंतची असते, नुसती हवेतली नाही. तर २,४४५ ला ८०० ने भागलं की तीन तासांच्या जरा वर, अधिक अर्धा, झाले साडेतीन.

आता तुम्हाला प्रत्यक्षात जे रस्ते मिळतील ते बघू. एक रस्ता कोल्हापूर-हैदराबाद-कोलकाता-दिब्रुगड. याचे टप्पे साधारण ४४५, १,२०७ आणि ८५२ किमी, एकूण २,५०४. म्हणजे सरळ रेषेपेक्षा जेमतेम ६० किमी जास्त! मी हे पहिल्यांदा मांडून बघितलं तेव्हा परत एकदा बेरीज केली, इतकं ते सरळ आहे. दुसरा रस्ता कोल्हापूर-मुंबई-कोलकाता-दिब्रुगड, त्याचे ३१०, १,६६५ आणि ८५२, एकूण २,८२७. तिसरा मुंबईहून दिल्ली आणि दिल्लीहून दिब्रुगड, तो ३,२०० च्या वर जातो, म्हणजे सरळ अंतरापेक्षा साडेसातशे किमी जास्त.

आता गंमत बघा. हैदराबादवाल्या रस्त्यात विमानात बसायचा वेळ होतो पाच तास, कारण कोल्हापूर-हैदराबाद हा टप्पा पंख्याच्या विमानाचा असतो आणि ते सावकाश जातं. मुंबई-कोलकाता रस्त्याला होतात पाच तास आणि वर दहा-पंधरा मिनिटं. दिल्लीच्या रस्त्याला पावणेसहाच्या आसपास. साडेसातशे किलोमीटर जास्त फिरून फरक किती, तर पाऊण तास. म्हणजे तुमच्या तिकिटावरचे चौदा तास अंतराने केलेले नाहीत, ते मधल्या विमानतळांवर बसून राहण्याचे आहेत. विमानातले पाच-सव्वापाच तास ठरलेले, त्यात कुणी काही कमी करू शकत नाही, बाकी जे काही आहे ते वाट बघणं आहे आणि तेवढंच आपल्या हातात आहे. म्हणून तिकीट निवडताना किलोमीटर बघूच नका, किती ठिकाणी विमान बदलायचं आणि प्रत्येक ठिकाणी किती वेळ बसायचं एवढं बघा.

आणि तुमच्यासाठी एक वेगळा रस्ता सुचवते. गडहिंग्लजहून कोल्हापूर जेवढं लांब जवळपास तेवढंच बेळगाव, संकेश्वरवरून. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून दिल्लीला विमान मिळालं आणि दिल्लीहून थेट दिब्रुगडचं मिळालं तर तुमचा प्रवास तीनऐवजी दोन विमानांत होतो. बेळगाव-दिल्ली १,४३५ किमी, दिल्ली-दिब्रुगड १,७६० किमी, म्हणजे जवळजवळ ३,२०० किमी. नकाशावर हा रस्ता अगदी उलटा वाटतो, आधी सरळ वर उत्तरेला आणि मग उजवीकडे, पण विमानातला वेळ तोच पाच तासांच्या आसपास आणि मधे उतरायचं एकदाच. ६९ वर्षांच्या माणसाला एक बदल कमी होणं ही फार मोठी गोष्ट आहे, सिक्युरिटी, लांबच लांब गेट, बॅगा, सगळं एकदा कमी. फक्त वेळापत्रक दर सीझनला बदलतं, रोजच्या रोज प्रत्येक फ्लाइट असतेच असं नाही, त्यामुळे तुमच्या तारखेला दोन्ही विमानं जुळतात का ते बघूनच ठरवा. डिसेंबर म्हणजे दिल्लीत धुक्याचे दिवस, सकाळच्या फ्लाइट लेट होतात, तेव्हा दिल्लीवरून जायचं तर मधे तीन तास तरी ठेवा आणि शक्यतो दिल्लीहून अगदी पहाटेचं विमान नको.

आता जे कुठल्याच वेबसाइटवर दिसत नाही ते सांगते. घड्याळ आपलं आणि दिब्रुगडचं एकच, पण सूर्य एक नाही. दोन गावांमध्ये पावणेएकवीस रेखांशांचा फरक आहे, एका रेखांशाला चार मिनिटं धरली तर ८३ मिनिटं होतात. डिसेंबरमध्ये कोल्हापुरात सहाला सूर्य मावळतो तेव्हा दिब्रुगडला काळोख होऊन बराच वेळ झालेला असतो, तिथे सव्वाचारच्या सुमारासच मावळतो. आसामातल्या चहाच्या बागा तर म्हणूनच आपलं घड्याळ एक तास पुढे ठेवून चालतात, बागान टाइम म्हणतात त्याला. तुमचं विमान चारला उतरलं, बॅगा येईपर्यंत पाच वाजले की बाहेर रात्र. मोहनबारीहून दुलियाजान रस्त्याने तासाभरावर आहे, नवीन मुलूख, थंडी, अंधार. तेव्हा दुपारी दोन-अडीचपर्यंत उतरणारं विमान निवडा, त्यासाठी मधे एका रात्रीचा मुक्काम कोलकात्याला करावा लागला तरी माझ्या मते तो करावा. पहाटे घर सोडून रात्री अंधारात पोचण्यापेक्षा दोन दिवसांचा निवांत प्रवास केव्हाही बरा, बारशाला थकून पोचण्यात काय अर्थ आहे.

बॅगेबद्दल दोन शब्द. लेकीसाठी डिंकाचे लाडू, तूप, मेतकूट नेणारच तुम्ही. लाडू करून न्या, पण सुट्ट्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत टाकू नका. सुकं खोबरं तेलकट, लगेच पेट घेतं, म्हणून विमान कंपन्यांच्या बंदी असलेल्या यादीत ते आहे आणि स्कॅनिंगला बॅग बाजूला काढून उघडायला लावतात. तुपाची बरणी नीट बांधून चेक-इनच्या बॅगेत. आणि व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच नोंदवा, संकोच करू नका.

प्रश्न: मी सोलापूरला अकरावी सायन्सला आहे. दोन विमानतळांमधलं अंतर वेबसाइट कसं काढतात? नकाशावर पट्टी ठेवून काढलं तर चुकतं का? — एक विद्यार्थी

बाळा, फार छान प्रश्न विचारलास, आणि हे तू स्वतः वहीत करू शकतोस, तुला सायन, कोसाइन येतं म्हणजे झालं.

वरचंच उदाहरण घेऊ. कोल्हापूर विमानतळ १६.६६ उत्तर अक्षांश, ७४.२९ पूर्व रेखांश. दिब्रुगड २७.४८ आणि ९५.०२. अक्षांशांतला फरक १०.८२ अंश, रेखांशांतला २०.७३. एक अंश अक्षांश म्हणजे कुठेही साधारण १११.२ किमी, तर उत्तरेकडे झाले १,२०३ किमी. रेखांशाचं मात्र तसं नाही, विषुववृत्तावर दोन रेखांश १११ किमीवर असतात आणि ध्रुवाकडे जाता जाता जवळ येत येत एकत्र होतात, म्हणून तिथे अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. आपल्या दोन गावांचा मधला अक्षांश २२.०७, त्याचा कोसाइन ०.९२७, म्हणजे एक अंश रेखांश इथे १०३ किमीचा. गुणिले २०.७३, पूर्वेकडे झाले २,१३६ किमी. आता पायथागोरस लाव, दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर २,४५१ येईल. पृथ्वी गोल धरून हॅवरसाइन नावाच्या सूत्राने काढलं तर येतं २,४४५-४६. एवढ्या मोठ्या अंतरात चूक फक्त पाच-सहा किलोमीटरची, कसलंही सॉफ्टवेअर न वापरता.

पट्टीचं म्हणशील तर भारतापुरतं चालतं. नकाशावरची सरळ रेषा आणि गोलावरचा सगळ्यात जवळचा मार्ग यात कोल्हापूर-दिब्रुगडला जेमतेम चार-पाच किमीचा फरक पडतो. पण दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोचा गोलावरचा सगळ्यात जवळचा मार्ग बघितलास तर तो पार उत्तर ध्रुवाच्या बाजूने जातो, तिथे पट्टी ठेवलीस तर हजारो किलोमीटरने चुकशील. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन ठिकाणी बोट ठेवून मधे दोरा ताणून धर, दोरा आपोआप जवळच्या मार्गावर जाऊन बसतो.

आणि खास तुझ्यासाठी एक गोष्ट काढून ठेवलीय. कोल्हापूर-दिब्रुगड ही रेषा ७५.९ रेखांशावर येते तेव्हा तिचा अक्षांश १७.६६ असतो. आता तुझ्या गावाचे अक्षांश-रेखांश काढून बघ. ती रेषा सोलापूरच्या डोक्यावरून जाते! पुढे देगलूरजवळून, चंद्रपूरच्या दक्षिणेने, रायपूरच्या खालून, राउरकेल्याच्या जरा उत्तरेने, पुरुलिया, आसनसोल करत मुर्शिदाबादला गंगेपाशी येते. तिथे ती देश सोडते, बांगलादेशात बोगुरा शहराच्या जवळून जाऊन गारो टेकड्यांवरून परत भारतात येते आणि ब्रह्मपुत्रेच्या काठाने काझीरंगावरून दिब्रुगडला पोचते. एका रेषेत सीना, गोदावरी, महानदी, गंगा, ब्रह्मपुत्रा. अॅटलास उघडून ही रेषा पेन्सिलीने काढच, भूगोलाच्या तासाला जे वेगवेगळं शिकतोस ते एका ओळीत दिसेल.

याच रेषेवरून दुसरीही एक गोष्ट कळते. रेल्वे किंवा गाडीने गेलं तर हे अंतर तीन हजार किमीच्या वर का जातं? कारण जमिनीवरून बांगलादेशातून सरळ जाता येत नाही, सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून वळसा घालावा लागतो, तो पट्टा काही ठिकाणी वीस-बावीस किमीच रुंद आहे. विमानांना तेवढी अडचण नाही, कोलकाता-आगरतळा विमानं बांगलादेशावरून जातात. पण विमानही अगदी पट्टीने आखल्यासारखं जात नाही, आकाशात ठरलेले मार्ग आणि बिंदू असतात, लष्करी हद्दी टाळायच्या असतात, उतरताना रनवेच्या दिशेने वळून यावं लागतं, त्यामुळे प्रत्यक्षातलं अंतर काढलेल्या अंतरापेक्षा थोडं जास्तच भरतं.

प्रश्न: मुलगा सैन्यात आहे, सध्या आसामात. जानेवारीत त्याला भेटायला मुंबईहून गुवाहाटीला गेलो. जाताना विमान लवकर पोचलं, येताना त्याच रस्त्याला अर्धा तास जास्त लागला. अंतर तर तेच. असं का? — एक वाचक, सातारा

दादा, मुलाला आमचा सगळ्यांचा नमस्कार सांगा.

कारण आहे वारा, आणि तोही साधासुधा नाही. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीला पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा एक पट्टा वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत त्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे सहज जातो, आणि आपली प्रवासी विमानं नेमकी त्याच उंचीवर उडतात. मुंबई-गुवाहाटी अंतर साधारण २,०७० किमी. विमानाचा हवेतला वेग ८३० धरा आणि पूर्ण मार्गावर सरासरी शंभरचा वारा धरा. जाताना वारा पाठीमागून, जमिनीवरचा वेग झाला ९३०, वेळ सव्वादोन तास. येताना तोच वारा समोरून, वेग ७३०, वेळ दोन तास पन्नास मिनिटं. झाला की नाही पस्तीस मिनिटांचा फरक, अंतरात एक किलोमीटरही न बदलता.

पावसाळ्यात हे चित्र पालटतं. हा पश्चिमेचा पट्टा हिमालयाच्या पलीकडे सरकतो आणि दक्षिण भारतावर खूप उंचावर उलट, पूर्वेकडून येणारा वारा सुरू होतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये जाण्यायेण्यातला फरक फारसा जाणवत नाही. कंपन्या हे सगळं धरूनच वेळापत्रक छापतात, म्हणून तुमच्या जाण्याच्या आणि येण्याच्या तिकिटावरच्या वेळा आधीच वेगळ्या असणार, तिकीट हाताशी असेल तर काढून बघा. येताना मुंबईहून पुढे साताऱ्याची गाडी पकडायची असेल तर हिवाळ्यात हा अर्धा तास धरूनच चला.

प्रश्न: कोल्हापूरहून पंख्याचं विमान असेल तर ते टाळावं का? फार हळू जातं आणि हलतं असं ऐकलंय. — एक वाचक, जयसिंगपूर

टाळू नका. एटीआर, म्हणजे हे पंख्याचं विमान, ताशी ५०० किमीच्या आसपास जातं, जेट आठशेच्या वर. पण कोल्हापूर-मुंबईच्या ३१० किमीच्या अंतराला त्याने फरक पडतो पंधरा मिनिटांचा. त्या पंख्याला फिरवणारं इंजिन आतून जेटसारखं टर्बाइनच असतं. जेटपेक्षा ते खालून उडतं, ढगांच्या उंचीवर, म्हणून पावसाळ्यात हलणं जास्त जाणवतं एवढं खरं, पण त्यात धोका नसतो, पट्टा बांधून बसा. आणि स्वच्छ दिवशी खिडकीशी बसलात तर पंचगंगा, कृष्णा आणि उसाची शेतं इतकी सुंदर दिसतात की वेळ कसा गेला कळत नाही.

प्रश्न: कोल्हापूर, सांगली, साताऱ्याची एवढी मुलं ईशान्येला नोकरीत, सैन्यात आहेत. मग थेट विमान का नाही? रनवे लहान म्हणून का? — एक वाचक, कागल

रनवे हे एक कारण आहे पण खरं कारण ते नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोल्हापूरचा रनवे १,९३० मीटर, तो २,३०० पर्यंत वाढवायचं ठरलेलं आहे. विमानतळ समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंचीवर. उंचावर आणि उन्हाळ्यात हवा विरळ असते, विमानाला उचलायला जास्त धावावं लागतं, त्यामुळे १८० सीटचं मोठं जेट पूर्ण भरून आणि लांबच्या प्रवासाचं इंधन घेऊन इथून उठवायचं म्हटलं की वजन कमी करावं लागतं, म्हणजे सीट रिकाम्या सोडा. एटीआरला हा रनवे पुरतो पण त्याची मजल दीड हजार किमीच्या आसपास, २,४४५ त्याच्या आवाक्याबाहेर. मात्र ७०-७५ सीटची लहान जेट असतात, एम्ब्रेअर वगैरे, ती कोल्हापूरला येतातही आणि त्यांची मजल या अंतराला पुरण्यासारखी आहे. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या जमू शकतं.

जमत नाही ते प्रवाशांच्या गणितात. आठवड्यातून तीन दिवस जरी विमान सोडलं तरी जाताना सत्तर आणि येताना सत्तर माणसं प्रत्येक फेरीला पाहिजेत, तीही अशी की ज्यांना नेमकं दिब्रुगडलाच जायचंय. आपली मुलं आहेत पण ती विखुरलेली आहेत, कुणी तेजपूर, कुणी दिमापूर, कुणी इटानगरकडे, आणि सुट्ट्या सगळ्यांच्या वेगळ्या. म्हणून कंपन्या सगळ्यांना एका मोठ्या विमानतळावर गोळा करतात आणि तिथून वाटून पाठवतात. लहान शहरं विमानाने जोडायच्या सरकारी उडान योजनेने बरंच केलं, २०१७ च्या २७ एप्रिलला जी पहिली विमानं सुटली त्यात आपलं नांदेड-हैदराबादही होतं, पण ती योजना मुळात तासाभराच्या, पाचशे किमीच्या आसपासच्या टप्प्यांसाठी आखलेली. मार्च २०२४ मध्ये कोल्हापूरला नवी टर्मिनल इमारत झाली, तेव्हा माणसं हाताळायची सोय आता आहे. माझं मत विचाराल तर थेट विमानाची मागणी करत बसण्यापेक्षा कोल्हापूरहून कोलकात्याला एकाच विमानाने, मधे हैदराबाद किंवा नागपूरला थांबून, अशी सेवा मागावी. कोलकात्याहून ईशान्येतल्या बहुतेक मोठ्या गावांना विमान मिळतं, एका मागणीत सगळ्यांचं काम होईल.

प्रश्न: स्वस्त पडतं म्हणून मुंबईपर्यंतचं एक आणि पुढचं दुसरं असं वेगवेगळं तिकीट काढलं होतं. पहिलं विमान दोन तास लेट झालं, दुसरं चुकलं, पैसे गेले. दोघांपैकी कुणीच ऐकून घेतलं नाही. हे बरोबर आहे का? — एक वाचक, इचलकरंजी

वाईट वाटलं वाचून, पण नियमाने ते त्यांच्या बाजूने बसतं. पूर्ण प्रवास एका पीएनआरवर असेल तर पहिलं विमान लेट झाल्यामुळे पुढचं चुकलं की तुम्हाला पुढच्या विमानात बसवून देणं हे कंपनीचं काम असतं, आणि बॅगही बहुतेक वेळा थेट शेवटच्या गावी जाते. दोन वेगळी तिकिटं असली की दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त वेळेवर न आलेला प्रवासी. बॅगही मधे उतरवून घ्यायची, बाहेर यायचं, परत रांग, परत चेक-इन, परत सिक्युरिटी. देशांतर्गत विमानाचं चेक-इन काउंटर साधारण एक तास आधी बंद होतं, म्हणजे तिकिटावर तीन तासांचं अंतर दिसत असलं तरी तुमच्या हातात दोनच असतात, त्यातून बॅग यायला अर्धा तास गेला की उरला दीड. लहान गावाहून येणारं विमान दिवसातून एकदाच असतं, ते लेट झालं तर दुसरं नाही, म्हणून माझा सल्ला असा की कोल्हापूरसारख्या गावाहून निघताना वेगळी तिकिटं काढायचीच असतील तर मधे चार-पाच तास ठेवा, नाहीतर शे-पाचशे जास्त देऊन एकच पीएनआर घ्या. सामानाची मर्यादाही दोन तिकिटांत वेगवेगळी असू शकते, तेव्हा जी कमी आहे तीच धरून बॅग भरायची.

एक नवीन गोष्ट मुंबईवरून जाणाऱ्या सगळ्यांनीच लक्षात ठेवायला हवी. आता मुंबईत दोन विमानतळ आहेत, नवी मुंबईच्या विमानतळाचं ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं आणि डिसेंबरपासून तिथून विमानं सुरू झाली. वेबसाइट कधीकधी दोन्हींना नुसतं मुंबई म्हणून एकत्र दाखवते. अंधेरीजवळच्या जुन्याचा कोड बीओएम, नव्याचा एनएमआय. तुमचं येणारं विमान एकीकडे उतरणार आणि पुढचं दुसरीकडून सुटणार असं असेल तर मधे सगळं मुंबई शहर ओलांडायचंय, ट्रॅफिक धरून दोन तास सहज. पैसे भरायच्या आधी दोन्ही टप्प्यांवरचे हे तीन अक्षरी कोड वाचा, आणि जुन्या विमानतळावर टर्मिनल एक का दोन तेही बघा, त्या दोघांमध्येही चालत जाता येत नाही, गाडी करावी लागते.